कुठले पाटील?

१९८२ साली मी बँकेत लागलो आणि पहिली नेमणूक झाली ती करवीर तालुक्यातल्या एका खेड्यावरच्या शाखेत. तेव्हा संगणक नव्हता. सेव्हिंग्ज खात्यांची जाडजूड लेजरं लोखंडी रॅकवर रचलेली असत आणि कुठलं खातं कुठल्या पानावर आहे हे पाहायला आडनावांची अनुक्रमणिका असे. 'अ'पासून 'ह'पर्यंतच्या सगळ्या आडनावांना मिळून एक रजिस्टर पुरायचं. पाटलांना एक स्वतंत्र होतं. त्या रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर माझ्या आधीच्या कुणा मिस्कील कारकुनाने शाईने लिहून ठेवलं होतं : 'पाटलांचा वाडा'.

आडनाव ही गोष्ट माणूस ओळखता यावा म्हणून असते, असं मी तोवर समजत होतो. त्या गावात उलटं होतं. आडनाव 'पाटील' म्हटलं की माणसाची ओळख पटणं दूरच, उलट ती हरवायची. त्यात नावंही ठरावीक : बाळू, रामा, दत्तू, शंकर, तुकाराम. बापाचं नावही त्याच टोपलीतलं. एकाच नावाची, एकाच बापाच्या नावाची आणि अर्थातच एकाच आडनावाची पाच-पाच खाती. सहीवरून ओळखावं तर निम्म्यांचे अंगठे.

मग आमच्या कॅशियरने एक युक्ती काढलेली होती. खात्याच्या नावापुढे तो पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहून ठेवी. 'मळ्यातला'. 'थोरल्या घरचा'. 'चिंचेजवळ'. 'गिरणीवाला'. 'मिलिटरी'. 'तालमीतला'. एका नावापुढे नुसतं 'उंच' होतं, आणि ते गृहस्थ खरोखरच दारातून वाकून आत येत. ऑडिटला आलेले साहेब या पेन्सिलीवर नाराज असत, पण ती पेन्सिल पुसली असती तर शाखा दुसऱ्या दिवशी बंद पडली असती.

पुढे आडनावांविषयी वाचायची खोड लागली तेव्हा कळलं, की आमच्या कॅशियरने जे केलं तेच सातशे-आठशे वर्षांपूर्वी इंग्लंडात घडलं होतं. जॉन आणि विल्यम यांचा सुळसुळाट झाला तेव्हा जमीनमहसूल लिहिणाऱ्या कारकुनांनी नावापुढे खूण घालायला सुरुवात केली. टेकडीजवळ राहतो तो हिल, रानाकडेचा तो वूड, भाता फुंकतो तो स्मिथ, उंच तो लाँग. त्यांच्या खुणा शाईने लिहिल्या गेल्या म्हणून त्यांची आडनावं झाली. आमच्या पेन्सिलीने होत्या, म्हणून संगणक आल्यावर पुसल्या गेल्या. वेल्समध्ये तर अजूनही जोन्स आडनावाचं इतकं पीक आहे की गावागावांत 'दूधवाला जोन्स', 'पाववाला जोन्स' असं म्हणायची पद्धत पडली. २००६ साली कार्डिफ शहरात त्यांनी एकाच छताखाली बाराशेच्या वर जोन्स जमवून विक्रम केला. विक्रम कसला? आमच्याकडे एखाद्या साखर कारखान्याची वार्षिक सभा भरली तर पाटलांची मोजदाद कुणी करत बसत नाही, इतकंच.

हसण्यावारी नेण्यासारखीच ही गोष्ट असती, पण एकदा एक प्रसंग घडला. एक विधवा बाई कॅश काउंटरपाशी न थांबता थेट माझ्या टेबलाशी आली. पदराच्या गाठीतून तिने एक चुरगळलेला कागद काढला. कुठल्याशा संस्थेची थकबाकीची नोटीस होती. रक्कम तिच्या अख्ख्या रानाच्या किमतीच्या जवळपास. "सायेब, म्या उभ्या जल्मात दोन आण्याचं कर्ज काढलं न्हाई. मालक बी काढून गेलं न्हाईत. पर ह्यात नाव माजंच हाय, त्येंचं बी हाय, आडनाव बी हाय. तीन दिस झालं, डोळ्याला डोळा न्हाई." नोटीस आमची नव्हती, तरी चौकशी केली. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याच नावाची, त्याच नावाच्या नवऱ्याची दुसरी पाटील होती. कर्ज तिच्या घरचं. पोस्टमनने जवळचं घर पाहून पाकीट टाकलं होतं. चूक निस्तरायला तासभर लागला. बाईचे तीन दिवस मात्र कुणी भरून दिले नाहीत. हक्काच्या आडनावाने माणसाचं असंही होतं, हे त्या दिवशी ध्यानात आलं.

तेव्हापासून मी 'पाटील' या शब्दाचा माग काढत आलो आहे.

शब्द जुना आहे. माळव्याच्या परमार राजांच्या हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपटांत जमीन दान देताना गावातल्या ज्या लोकांना उद्देशून आज्ञा केलेली असते, त्यांत 'पट्टकिल' येतो. पट्टकिलाचा पाटील झाला, आणि गुजरातेतला पटेल हाही त्याच घरचा, असं भाषेचे जाणकार मानतात. पट्ट म्हणजे पट्टा, ज्यावर नोंद लिहायची तो कापडाचा किंवा धातूचा तुकडा. गावच्या जमिनीच्या नोंदीशी ज्याचा संबंध, तो पट्टकिल. म्हणजे गंमत पाहा. ज्या शब्दाचा जन्मच नोंदीतून झाला, त्याच शब्दाने आमच्या नोंदवह्यांची दाणादाण उडवली!

महत्त्वाचं हे की पाटील हे मुळात आडनाव नव्हतंच. तो हुद्दा होता. सारा गोळा करायचा, ओसाड रान लागवडीला आणायला कुळं वसवायची, गावात बंदोबस्त ठेवायचा, गोतसभेत पुढं बसायचं. मुसलमानी अमदानीत यालाच मोकदम म्हणू लागले. शिवाजी महाराजांनी रांझ्याच्या पाटलाला बदअमलाबद्दल शिक्षा केली, ही गोष्ट शाळेत आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. त्या १६४६ सालच्या पत्रात त्या इसमाचं नाव काय आहे? बाबाजी बिन भिकाजी गुजर, मोकदम, मौजे रांझे. आडनाव गुजर, हुद्दा मोकदम. त्याची पाटीलकी काढून घेतली आणि ती दिली सोनजी गुजराला, म्हणजे त्याच कुळातल्या माणसाला. हुद्दा गेला, गुजर मात्र गुजरच राहिले. आज असता तर रेशनकार्डावर तो 'बाबाजी भिकाजी पाटील' असता आणि 'गुजर' फक्त लग्नाच्या बोलणीत निघालं असतं.

या हुद्द्याचा मान मोठा होता. गावच्या महजरावर प्रत्येकाने आपल्या धंद्याची निशाणी करायची. पाटलाची निशाणी नांगर, कुलकर्ण्याची लेखणी. होळीची पहिली पोळी पाटलाची, बेंदराला मानाचा बैल पाटलाचा. दिल्लीच्या बादशहाला सांभाळणारे महादजी शिंदे स्वतःला 'पाटील' म्हणवून घेण्यात भूषण मानत, आणि लोकही त्यांना पाटीलबाबा म्हणत. याउलट पैशाची अडचण आली की हाच मान विकायलाही निघे. पाव पाटीलकी, निमे पाटीलकी असे त्याचे व्यवहार होत. शेअरबाजाराची ओळख आपल्याला इंग्रजांनी करून दिली असं म्हणतात, पण बँकवाला म्हणून मला त्याबद्दल थोडी शंका आहे.

आता प्रश्न असा, की गावाला पाटील एक, मग एवढे पाटील आले कुठून? इथे पुन्हा इंग्लंडकडे पाहू. तिकडे आपल्या पाटलासारखा एक गावकामगार असे, त्याला 'रीव्ह' म्हणत. अख्ख्या शायरचा, म्हणजे परगण्याचा जो रीव्ह, तो 'शायर-रीव्ह'. त्याचाच पुढे 'शेरीफ' झाला. मुंबईच्या नगरपालाला शेरीफ म्हणत, तोच हा शब्द. या रीव्हचंही आडनाव झालं. सुपरमॅनची भूमिका करणारा ख्रिस्टोफर रीव्ह म्हणजे आपल्या हिशेबाने ख्रिस्टोफर पाटीलच! पण इंग्लंड-अमेरिकेत रीव्ह तुरळक आणि स्मिथ उदंड. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत २४ लाखांवर स्मिथ निघाले. आमच्याकडे लोहार आहेत, पण पाटलांपुढे मूठभर. हे उलटं कसं?

माझ्या समजुतीप्रमाणे कारण असं. इंग्लंडातला रीव्ह बहुतेक जहागिरींत कुळांमधून वर्षा-वर्षाला निवडला जाई. यंदा हा, पुढच्या साली तो. बापाची रीव्हकी पोराला मिळेलच असं नव्हतं. आपल्याकडे पाटीलकी हे वतन. वतन म्हणजे जमिनीसारखी वारसाने जाणारी मिळकत. एका पाटलाला चार मुलगे झाले की काम थोरल्याने पाहिलं तरी वतनात चौघांचे हिस्से. चारांचे सोळा, सोळांचे चौसष्ट. भांडणं झाली, वाडे फुटले, रानाच्या चिंध्या झाल्या. पण पाटील हे बिरुद फाडता येत नाही, ते सगळ्यांना पुरतं. आणि मग शाळा, कचेऱ्या, कोर्टं आली. मास्तरांनी विचारलं, "आडनाव काय लावायचं?" बापाने छाती फुगवून सांगितलं, "पाटील लावा." चव्हाण, माने, जाधव, साळोखे, पोवार अशी कुळाची आडनावं मागं पडली आणि हुद्दा पुढं आला.

याचा पुरावा रोजच्या जगण्यात आहे. एकाच कुळात आपण सोयरीक करत नाही. पण पाटलाची मुलगी पाटलाच्या घरात, हे तर सर्रास चालतं. म्हणजे पाटील हे कुळ नाही, हे समाजाला पक्कं ठाऊक आहे. फक्त कागदाला ठाऊक नाही. आम्हा बँकवाल्यांना अशी लग्नं फार सोयीची. मुलीची सही बदलत नाही.

आमच्या कोल्हापुरात यात आणखी एक रंग मिसळतो. शिरोळ, हातकणंगले, गडहिंग्लजकडे सरकलं की कानडी कानावर पडू लागतं. कानडी मुलखात गावच्या प्रमुखाला गावुंड म्हणत. त्याचा गौडा झाला, आणि आमच्याकडे गोंडा. इथल्या जैन पाटलांच्या घरात जुन्या पिढीची नावं पाहा : बाबगोंडा, आप्पागोंडा, रावगोंडा, बाळगोंडा. नाव 'बाबगोंडा पाटील' म्हटलं की एकाच माणसाला कानडीतून एकदा आणि मराठीतून एकदा गावप्रमुख म्हटल्यासारखं होतं. हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील, आपले कर्मवीर, यांच्या वडिलांचं नाव पायगोंडा. दिगंबर जैन मुनिपरंपरेला पुन्हा उभारी देणारे आचार्य शांतिसागर मूळचे बेळगाव जिल्ह्यातले, त्यांचं घरचं नाव सातगोंडा पाटील. एकाने गरिबाच्या पोरांना शिकवण्यासाठी जन्म घालवला, दुसऱ्याने अंगावरचं वस्त्रसुद्धा टाकलं. गढी, फेटा आणि मिशीवरचा पीळ एवढाच ज्यांच्या डोळ्यांपुढे पाटील आहे, त्यांनी ही दोन नावं लक्षात ठेवावीत.

तो फेट्याचा पाटील मात्र आपल्या सिनेमाने घरोघर पोचवला. 'सामना'मधला निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे-पाटील १९७५ साली आला आणि खऱ्या पाटलांना पुढची वीस वर्षं मुंबईत चाळीत राहायची जागा मागतानाही लोक घाबरू लागले!

आणखी एक निरीक्षण. आमच्या भागात जो पाटील मोठा झाला, त्याला लोकांनी नुसतं पाटील कधीच म्हटलं नाही, म्हणणं शक्यच नव्हतं. क्रांतिसिंह, कर्मवीर, वसंतदादा, राजारामबापू, आर. आर. आबा. 'एन. डी. सर' म्हटलं की २०२२ साली कोल्हापुरातच ज्यांनी शेवटचा श्वास घेतला ते, पुढे पाटील जोडायची गरज नाही. ज्यांना पदवी मिळाली नाही त्यांनी गाव जोडलं : पाटील-यड्रावकर, पाटील-चाकूरकर. काहींनी कुळाचं जुनं नाव जपून ठेवलं, ते विखे-पाटील, मोहिते-पाटील. थोडक्यात, आमच्या कॅशियरची पेन्सिलच ही, फक्त जरीकाठी.

आडनाव म्हणजे दगडावरची रेघ असं समजण्याचं कारण नाही. इचलकरंजीचे संस्थानिक घोरपडे हे मूळचे जोशी. संताजी घोरपड्यांच्या पदरी वाढलेल्या नारो महादेव जोशींनी धन्याचं आडनाव कृतज्ञतेने लावलं, ते पिढ्यान् पिढ्या टिकलं. कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ साली दत्तक आला आणि शाहू भोसले झाला. त्याच शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. वतन मोडलं, कुलकर्णी उरले. पाटलांचं तसंच. मुलकी पाटलाचं पद महाराष्ट्रात १ जानेवारी १९६३ पासून कायद्याने रद्द झालं. म्हणजे आज ज्यांची साठी उलटली नाही अशा कुणाही पाटलाच्या जन्मापूर्वीच ते पद गेलेलं आहे. राहिला तो पोलीस पाटील, आणि १९६७ च्या कायद्यापासून तोही वारसाने नव्हे, नेमणुकीने.

मग एका मेलेल्या हुद्द्याचं एवढं काय? तर 'कुठले पाटील?' हा प्रश्न. कोल्हापुरात दोन अनोळखी माणसं भेटली आणि एकाने 'मी पाटील' म्हटलं, की दुसरा हा प्रश्न विचारतोच. ऐकायला तो गाव विचारतोय असं वाटतं. कित्येकदा तो खरंच गाव विचारत असतो. त्या गावात त्याची आत्या दिलेली असते. पण कित्येकदा त्याला हवं असतं दुसरंच. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, आगरी, कोळी, खानदेशातले लेवा, सगळ्यांत पाटील आहेत. जोशी, कांबळे, मुजावर म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात लगेच एक खण उघडतो आणि तो माणसाला त्यात ठेवून मोकळा होतो. पाटील म्हटलं की खण उघडत नाही, आणि त्या न उघडणाऱ्या खणाने लोक अस्वस्थ होतात.

माझ्याबरोबर एक अधिकारी होते, आडनाव पाटील, धर्माने मुसलमान, पाच पिढ्या गावची पाटीलकी घरात. त्यांची बदली एका मोठ्या शहरात झाली. फोनवर जागा ठरली. घरमालक खूश : "पाटील ना? वा, वा. आपलीच माणसं." सामानाचा टेंपो घेऊन ते पोचले, अनामत रकमेची पावती करायला घरमालकांनी पूर्ण नाव विचारलं, आणि त्यांनी सांगितलं. घरमालकांना त्याच क्षणी आठवलं, की पुतण्या गावाहून यायचा आहे, जागा त्याला लागणार आहे. टेंपो तसाच रस्त्यावर उभा. बायको, दोन मुलं, वर दुपारचं ऊन. हे सगळं मला त्यांनी नंतर सांगितलं ते चेष्टेच्या सुरात. "अहो, फोनवर मी पाटील होतो, जिना चढेपर्यंत पाटील होतो. पावतीवर नाव लिहायची वेळ आली आणि माझी पाटीलकी खालसा झाली." मी हसलो नाही. तेही पुढे हसले नाहीत.

तरीसुद्धा मला हे आडनाव आवडतं, ते याच कारणासाठी. जिना चढेपर्यंत का होईना, ते माणसाला माणूस म्हणून जाऊ देतं. डिसेंबर २०२० मध्ये सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. आडनावांना असा हात घालता येत नाही, घालूही नये. त्यांचं काय करायचं ते ज्याचं त्याने पाहावं.

बायकांची बाजू या सगळ्यात नेहमीप्रमाणे कोपऱ्यात राहिली. पाटलाची बायको पाटलीण, पण वतनाच्या कागदात ती दिसते ती बहुधा नवरा वारल्यावर. प्रतिभाताईंनी लग्न शेखावतांशी केलं आणि माहेरचं पाटील सोडलं नाही. २००७ साली त्या नावाने राष्ट्रपतिभवनात गेल्या. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांत आपल्या राज्यात आईचं नाव आलं आहे : आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. बाकी काही असो, एकसारख्या नावाच्या पाच पाटलांचा गुंता यामुळे बराच सुटेल. आमच्या कॅशियरच्या डोक्यात हे आलं असतं तर पेन्सिल लागलीच नसती.

परवा एका कागदासाठी पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावात पोलीस पाटलाचा दाखला हवा होता. आता ही नेमणूक परीक्षा घेऊन होते, बायकांनाही जागा राखून असतात. पारावर एक आजोबा तंबाखू मळत बसले होते. त्यांना विचारलं, "पाटलांचं घर कुठं आलं?"

"कुठलं पाटील?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "आडनावाचं का सरकारी?"

"सरकारी."

"मग हितनं सरळ जावा. निळं दार दिसंल. सुताराची सून हाय ती."